धाग्याची वाट

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक काम दिले होते. आपल्या गावाकडचे एखादे वस्त्र आणायचे आणि ते कसे बनते ते वर्गाला समजावून सांगायचे. येवल्याच्या मुलीने आजीची पैठणी आणली. सोलापूरच्या मुलाने चादर आणली, माणदेशातल्या एकाने घोंगडी. विदर्भातून आलेल्या मैत्रिणीने करवतकाठी पदर उलगडला तेव्हा सगळा वर्ग पुढे सरकला. मी हर्णेची. मी दापोलीच्या बाजारात घेतलेला पंचा नेला होता. तो कुठे विणला गेला हेही मला सांगता आले नाही. दोन मिनिटांत माझे बोलणे संपले.

त्या वेळी आमच्या घराच्या पडवीत जाळ्यांचा ढीग छपरापर्यंत रचलेला होता. जाळे हेही धाग्याचे, हाताने घडवलेले आणि दुरुस्त केलेले वस्त्रच आहे, हे मला सुचले नाही. वर्गात दुसऱ्या कोणालाही सुचले नसते. महाराष्ट्राच्या वस्त्रांचा नकाशा काढला की कोकणपट्टी रिकामी राहते. राज्य सरकारच्या २०२३ ते २०२८ या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणात पारंपरिक वस्त्रे म्हणून पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी ही नावे येतात. या पाचांत किनाऱ्याचे एकही नाही. यात कोणावर ठपका ठेवायचा नाही. जे अंगावर घालतो तेच वस्त्र, अशी आपली समजूत आहे, आणि जाळे कोणी अंगावर घालत नाही.

वस्त्ररचना शिकताना मी माग चालवला आणि भरतकाम केले. जाळे मात्र घरीच शिकले, तेही नाइलाजाने. या तिन्ही कामांत शिकायची गोष्ट एकच असते, असे आता मला वाटते. धागा कुठून निघाला, कुठून कुठे गेला आणि कुठे संपला, हे ओळखता येणे. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

ताणा आणि बाणा

मागावरचे काम पाहणाऱ्याला धोटा दिसतो. तो डावीकडून उजवीकडे जातो, फणी ठोकली जाते, कापड पुढे सरकते. शिकणाऱ्याच्या वाट्याला मात्र आधीचे काम येते. ते दिसायला कंटाळवाणे आणि चुकायला सोपे असते.

माझा पहिला नमुना दहा इंच रुंदीचा होता. एका इंचात चोवीस उभे धागे, म्हणजे एकूण दोनशे चाळीस. हे उभे धागे म्हणजे ताणा. ते सगळे एकाच लांबीचे आणि एकाच ताणाचे हवेत. प्रत्येक धागा तारेच्या एका बारीक डोळ्यातून, म्हणजे हील्डमधून, ओवायचा आणि मग फणीच्या दातांतून काढायचा. हील्ड चार चौकटींवर लावलेल्या असतात. पहिला धागा पहिल्या चौकटीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या आणि पुन्हा पहिल्यापासून. पाय पावडीवर दाबला की चौकट वर जाते, तिचे धागे उचलले जातात आणि उचललेल्या व खाली राहिलेल्या धाग्यांमधल्या फटीतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो.

सगळी विणकामाची भाषा या उचलण्या-न-उचलण्यात आहे. एक आड एक धागे उचलले की साधी वीण. दोन उचलून दोन सोडले आणि प्रत्येक ओळीत एक धागा पुढे सरकलो की जीनच्या पँटवर असते तशी तिरपी रेघ उमटते, ती ट्विल. बाणा बऱ्याच धाग्यांवरून तरंगत जाऊन एकाखालीच दबला की सॅटिनची चकाकी. सूत तेच असते. केवळ वाट बदलल्याने कापड कडक होते, मऊ होते किंवा चकाकते.

माझ्या पहिल्या नमुन्यात एकशे सतरावा धागा चुकीच्या चौकटीत गेला होता. विणायला लागल्यावर मधोमध एक बारीक उभी रेघ दिसू लागली. वाटले, पुढे विणत गेले की लपेल. ताण्यातली चूक लपत नाही. कापड जितके लांब, तितकी ती लांब होते. शेवटी दहा इंच विणलेले उसवून, त्या धाग्यापासून कडेपर्यंतचे सगळे धागे काढून पुन्हा ओवले. त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. पहिली, चूक जिथे दिसते तिथे ती झालेली नसते. दुसरी, उसवणे हाही विणकामाचाच भाग आहे.

पैठणी आम्ही विणली नाही, पण तिची वाट कागदावर काढून पाहिली. तिच्या पदरावरच्या मोराचा निळा धागा कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात नाही. मोराची हद्द आली की तो मागे वळतो. शेजारच्या रंगाचा धागाही तिथेच वळतो आणि वळताना दोघे एकमेकांत अडकतात. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. एका ओळीत जितके रंग, तितक्या निरनिराळ्या छोट्या कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. पैठणी महाग का, याचे सोन्याच्या जरीइतकेच खरे उत्तर या वळणांत आहे.

जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत १९२२ मध्ये दाखल झालेल्या ॲनी अल्बर्स यांना विणकाम शिकायचे नव्हते. तिथे स्त्रियांना बहुधा मागाकडेच पाठवले जाई, म्हणून त्या मागाकडे आल्या. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या वस्त्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि १९६५ मध्ये विणकामावरचे त्यांचे पुस्तक आले. सजावट नंतर, आधी रचना, हा त्यांचा आग्रह होता. मला तो पटला, पण खरा समजला तो मागापासून दूर गेल्यावर.

उलटी बाजू

भरतकामात कापड आधीच तयार असते. त्यावर आपण आणखी एक धागा चालवतो. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजटाका हे टाके शाळेतच शिकलेले असतात, त्यामुळे हा विषय सोपा जाईल असे वाटले होते. शिकवणाऱ्या बाई मात्र नमुना हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करत. सुलट बाजू सगळेच नीट करतात, त्या म्हणत. मागे गाठींचा गुंता असेल, एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे धाग्याच्या लांब उड्या असतील, तर भरणाऱ्याने वाटेचा विचार केलेला नाही हे लगेच कळते.

हा विचार सगळ्यात कडकपणे कसुतीत करावा लागतो. कसुती धारवाड-बेळगाव भागातली. आपल्याकडे ती इरकली लुगड्यांच्या पदरावर पाहायला मिळते. तिच्यात कापडाचे धागे मोजून टाका घालतात, आधी नक्षी छापून घेत नाहीत. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी असे तिचे चार टाके आहेत. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी जाते, मेंथी म्हणजे फुलीचा टाका, आणि नेयगी या कन्नड नावातच विणण्याचा अर्थ आहे. ती भरलेली असूनही विणल्यासारखी दिसते.

गवंती हा दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. शेवटपर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. येताना रिकाम्या जागा भरल्या जातात. त्यामुळे प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी पूर्ण होते, उलट-सुलट असे काही उरत नाही, आणि गाठ मारावी लागत नाही. गोपुर किंवा तुळशीवृंदावन भरताना फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर जाऊन परत मुख्य रेघेवर यायचे असते. फाटा विसरलात तर सुई पुढे निघून जाते आणि मग मागून उडी मारण्याशिवाय उपाय राहत नाही. मी पहिले वृंदावन चार वेळा उसवले.

याच सत्रात रफू शिकलो. रफूगर फाटलेल्या जागी सुईने आधी उभे धागे घालतो आणि त्यांतून एक आड एक आडवे धागे काढतो. म्हणजे सुईने तो तेवढ्या जागेपुरता माग चालवतो. रफू चांगला की वाईट हे कसे ओळखायचे? बाई म्हणाल्या, धुतल्यावर. फार दाट रफू केला तर तो तुकडा कडक होतो, सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि जुने कापड तिथून पुन्हा फाटते. हे मी वहीत लिहून घेतले. त्याचा अर्थ पुढच्या पावसाळ्यात कळला.

निसर्गनंतरचा जुलै

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मी हर्णेला परतले. महाविद्यालयातला माग तिकडेच राहिला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगड भागात त्या दिवशी काय झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. माडांचे शेंडे पिरगळले, पत्रे उडाले, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. आमच्या पडवीचे छप्पर उडाले आणि एक वासा जाळ्यांच्या ढिगावर येऊन पडला. पावसात भिजलेले, पत्र्याच्या कडांनी कापलेले जाळे आम्ही ओढून बाहेर काढले. त्यात हात आरपार जावा अशी किती भोके होती, ती मोजली नाहीत.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी जुलैअखेर संपते. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती. नवे जाळे घ्यायला पैसे नव्हते. मार्चपासून हर्णेच्या पुळणीवरचा लिलाव जवळजवळ थांबला होता आणि आईच्या टोपलीत विकायला मासळी नव्हती. जाळे दुरुस्त झाले तर होडी पाण्यात जाणार, नाहीतर मोसमाची सुरुवात हातची जाणार. एरवी या कामाला आमच्या वाडीतले चार-पाच जण बसतात. त्या वर्षी जो तो स्वतःचे छप्पर धरून होता. घरात बाबा होते, मोठे काका होते आणि वस्त्ररचना शिकणारी मी होते.

मी आपण होऊन बसले. दोन वर्षे सुई धरली होती, गाठी येत होत्या. तळहाताएवढ्या एका भोकात दोरी घालून, रफूसारखे आडवे-उभे धागे भरून मी ते तासाभरात बुजवले. मला ते सुबक वाटले. काकांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू होता. त्यांनी जाळे डोळ्यांजवळ नेले नाही. दोन्ही हातांनी ताणून पाहिले.

"हे दगड झालंय, बाय," ते म्हणाले. "ओढ लागली की बाजूचं फाटंल."

त्यांनी कोयता मागितला नाही, खिशातली छोटी सुरी काढली आणि माझा तुकडा कापला. नंतर मूळ भोकाच्या कडेच्या शाबूत दोऱ्याही एकेक करून कापू लागले. तळहाताएवढे भोक सुपाएवढे झाले. मी म्हटले, काका, हे काय करताय? ते म्हणाले, "आधी काप, मग विण."

तीन पायांची गाठ

काका काय करत होते ते समजण्यासाठी जाळ्याची रचना पाहावी लागते. कापडात धाग्यांचे दोन संच असतात, ताणा आणि बाणा. हाताने विणलेल्या जाळ्यात धागा एकच असतो. तो चपट्या सुईवर गुंडाळलेला असतो. वरच्या ओळीच्या फाशात तो घालून गाठ मारतात, मग पट्टीभोवती फिरवून पुढच्या फाशात पुन्हा गाठ मारतात. पट्टी जितकी रुंद, तितके जाळ्याचे घर मोठे. या घराला आस म्हणतात. अशा ओळीमागून ओळी एकाच धाग्याने विणल्या जातात.

शाबूत जाळ्यात प्रत्येक गाठीला चार पाय असतात, दोन वरच्या बाजूला आणि दोन खालच्या. जाळे फाटले की कडेच्या गाठींचे काही पाय तुटतात. कुठे तीन उरतात, कुठे दोन, कुठे एकच. नव्या दोरीने हे तुटलेले पाय पुन्हा जोडायचे असतात, आणि शक्यतो एकाच अखंड दोरीने, कारण जितके जोड तितक्या सुटण्याच्या जागा.

म्हणून कापायचे. एका पायाच्या गाठी काढून टाकायच्या. भोकाची कड अशी करायची की वर एक आणि खाली एक अशा दोनच गाठी तीन पायांच्या राहतील. बाकी सगळ्या दोन पायांच्या. दोरी वरच्या तीन पायांच्या गाठीला बांधून निघायचे, ओळीओळीने नागमोडी जायचे, वाटेत प्रत्येक दोन पायांच्या गाठीत शिरून तिला राहिलेले दोन पाय द्यायचे आणि खालच्या तीन पायांच्या गाठीत संपायचे. भोक बरोबर कापले असेल तर दोरी आपोआप तिथेच पोचते. चुकीचे कापले असेल तर मधेच कुठेतरी अडकते.

पुढे तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात एका गणिताच्या पुस्तकात हीच गोष्ट भेटली. कोनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, हा प्रश्न लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये सोडवला. उत्तर असे की जिथे विषम संख्येने वाटा मिळतात अशी ठिकाणे एकही नसावीत किंवा फक्त दोन असावीत. दोन असतील तर एकापासून निघायचे आणि दुसऱ्यावर संपवायचे. कोनिग्सबर्गमध्ये अशी चार ठिकाणे होती, म्हणून तसे फिरणे अशक्य होते. तीन पायांच्या गाठीला एक पाय कमी आहे, म्हणजे विषम. दोन पायांच्या गाठीला दोन कमी, म्हणजे सम. काका सुरीने नेमकी दोन विषम ठिकाणे शिल्लक ठेवत होते. गवंतीचेही असेच. तिथे प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचे असल्याने सगळी ठिकाणे सम होतात, म्हणून सुई नेहमी निघाली तिथेच परत येऊ शकते.

काकांनी ऑयलरचे नाव ऐकलेले नाही आणि त्याने त्यांच्या जाळ्याचे काही अडत नाही. मी हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की या कामाला आपण सवय म्हणतो, हातवळण म्हणतो. त्यात विचार आहे, पक्का विचार आहे, हे कोणी म्हणत नाही.

चौकोन आणि शंकरपाळे

माझा तुकडा "दगड" का झाला, याचेही उत्तर रचनेत आहे. सुती रुमाल उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा, तो फारसा ताणत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा ओढा, तो लांबतो आणि अरुंद होतो. शिवणाऱ्या बायका याला उरेब म्हणतात. जाळे नेहमीच्या पद्धतीने टांगले की त्याची घरे शंकरपाळ्यासारखी दिसतात, म्हणजे सगळे जाळेच उरेबावर असते. ओढ लागली की ते लांबते, घरे मिटत जातात आणि ओढ गेली की पुन्हा उघडतात. या हलण्यामुळे ताण सगळ्या गाठींत वाटला जातो. मी त्यात आडवे-उभे धागे भरले तेव्हा एक न हलणारा तुकडा घातला होता. रफूच्या तासाला वहीत लिहिलेले वाक्य ते हेच.

घरांचे हे मिटणे माशांच्या जिवावरही उठते. ट्रॉलचे जाळे पाण्यातून ओढले जाते आणि मासळी शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, जमा होते. वजन वाढले की खोल्याची शंकरपाळ्यासारखी घरे लांबट होऊन मिटतात. घर मोठे ठेवले तरी पिल्ले बाहेर निसटू शकत नाहीत. तेच जाळे पंचेचाळीस अंशांत फिरवून चौकोनी घरांचे लावले तर ओढीतही घरे उघडी राहतात. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ खोल्याला चौकोनी आसाचे जाळे वापरण्याची शिफारस करतात. कोची येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत जाळ्यांच्या रचनेवर असे काम होत आले आहे. सूत तेच, गाठ तीच, फक्त दिशा बदलली, आणि पुढच्या वर्षीची मासळी वाचू शकते. एवढा मोठा परिणाम करणारी दुसरी वीण मला अभ्यासक्रमात भेटली नाही.

जाळ्याचा आस हा खरे तर निवड करणारा असतो. तरंगत्या गिलनेटमध्ये माशाचे डोके घरात शिरते, अंग शिरत नाही आणि मागे फिरताना कल्ले अडकतात. लहान मासा पार जातो, फार मोठ्याचे डोकेच शिरत नाही. डोल जाळ्याची पिशवी तोंडाशी मोठ्या आसाची आणि खोल्याकडे बारीक होत जाणारी. कुठल्या ओळीत किती घरे कमी करायची, हा हिशेब स्वेटर विणणाऱ्या बाईला लगेच समजेल.

ताग, सूत, नायलॉन

जाळे जुने किती? १९१३ मध्ये त्या वेळच्या फिनलंडमधल्या आंत्रेआ गावात शेतातल्या चिखलात एक जाळे सापडले. ते विलोच्या सालीच्या तंतूंचे होते, त्याला बोये आणि दगडाची वजने होती. त्याचे वय दहा हजार वर्षांहून अधिक ठरले. जगातल्या सर्वांत जुन्या जाळ्यांपैकी ते एक. तिथला कोळीही धाग्याची वाट मोजतच बसला असणार.

आपल्याकडे नायलॉन येण्याआधी जाळी तागाची आणि सुताची होती. सूत पाण्यात कुजते, कारण जिवाणू त्याचे तंतू खातात. म्हणून जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. सालीतले टॅनिन तंतूंना टिकवते. आम्ही प्रयोगशाळेत सुती कापड रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवत होतो, तेही टॅनिनसाठीच. मी काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी जाळी उकळायच्या दिवशी सगळी वाडी लाल पाण्याच्या वासाने भरून जायची.

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते सुतापेक्षा बळकट, न कुजणारे, हलके. कोळ्याची उकळण्या-वाळवण्याची मेहनत त्याने वाचवली आणि पकड वाढवली. त्याचे हे उपकार नाकारून चालणार नाही. पण गुळगुळीत नायलॉनवर जुनी साधी गाठ सरकते. दुहेरी गाठ घ्यावी लागते किंवा कारखान्यात उष्णता देऊन गाठ बसवावी लागते. मग जाळी वाईसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून तयार येऊ लागली. ट्रॉलसाठी आता बहुधा एचडीपीई या प्लॅस्टिकची दोरी असते. हाताने सबंध जाळे विणणे संपले आणि हाताशी फक्त दुरुस्ती राहिली. तीही कमी होते आहे. फाटका भाग सरळ कापून नवा तयार तुकडा शिवून टाकणे तरुणांना सोपे वाटते, आणि वेळेचा हिशेब केला तर त्यांचेही चूक नाही. मात्र समुद्रात सुटलेले सुती जाळे काही काळाने कुजून जाई. सुटलेले नायलॉन वर्षानुवर्षे मासे अडकवत फिरते. जे कुजत नाही ते टाकून देणे परवडत नाही, म्हणून दुरुस्तीची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

कोणाची सुई

भरतकामाच्या पुस्तकांत सुई स्त्रियांच्या हातात असते. युरोपात फिले नावाचा लेसचा प्रकार आहे. त्यात आधी कोळ्याच्याच गाठीने बारीक जाळे विणतात आणि मग त्याच्या घरांत सुईने नक्षी भरतात. जाळ्याला भरतकाम लागले की ते झाले लेस आणि गेले उंची पोशाखात. त्याच गाठीचे जाळे किनाऱ्यावर राहिले ते अवजार. आमच्या घरी तर वाटणी उलटीच आहे. पुरुष पडवीत बसून सुई चालवतात आणि बायका लिलावात भाव बोलतात. मी काकांकडून सुई घेतली तेव्हा आई हसली होती. तिच्या पिढीत हे काम मुलींना कोणी शिकवले नाही.

जुलै महिन्यात मी एकूण एकोणीस भोके दुरुस्त केली. पहिली चार काकांनी कापली. नंतर ते नुसते शेजारी बसत आणि मी कापायच्या आधी विचारत, "कुठनं निघणार, कुठं संपणार?" उत्तर बरोबर आले तरच सुरी हातात देत. हा प्रश्न मागावर ताणा लावतानाही विचारता येतो आणि गवंती भरतानाही. मला तो शिकवला पडवीतल्या माणसाने.

त्या सत्राच्या भरतकामासाठी मी जाळ्याचा एक दुरुस्त केलेला तुकडा दाखवला. डोंगरावर जाऊन, मोबाइलला रेंज मिळवून, बाईंना चित्र पाठवले. त्यांचा नेहमीचा निरोप आला, उलटी बाजू पाठव. मी लिहिले, याला उलटी बाजू नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, हे तुझ्या गावाकडचे वस्त्र का, मग पहिल्या वर्षी का नाही आणलेस?

त्याचे उत्तर या लेखात दिले आहे. आता मागणे एवढेच की वस्त्ररचनेच्या अभ्यासात जाळ्याला जागा मिळावी. पैठणी आणि घोंगडीच्या शेजारी ते बसावे, त्यांची जागा घेऊन नव्हे. हर्णे, पाजपंढरी, आंजर्ले आणि किनाऱ्यावरच्या अशाच गावांत जाळे कापणारी जी मोजकी जुनी माणसे आहेत, त्यांच्या शेजारी एखादा विद्यार्थी पावसाळाभर बसला, कुठल्या भोकाला त्यांनी सुरी कुठे लावली ते रेखाटून ठेवले, तरी पुष्कळ होईल. बोटांतले ज्ञान बोटांपासूनच घ्यावे लागते. रेखाटने फक्त आठवणीला मदत करतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होडी गेली. संध्याकाळी परत आल्यावर बाबांनी जाळे पुळणीवर पसरले तेव्हा मी माझी एकोणीस ठिकाणे शोधू लागले. मला तेरा सापडली. बाकीची सहा आसपासच्या जाळ्यातून वेगळी ओळखू येईनात. काकांना सांगितले तर त्यांनी त्यातली तीन हाताने चाचपून दाखवली. उरलेली तीन त्यांनाही सापडली नाहीत.